चंद्रवेड्या मुलाची सहल

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास चांद्रयान-३ मधील विक्रम हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात अलगद उतरले, तेव्हा देशातील असंख्य घरांत थोरांच्या बरोबरीने लहान मुलांनीही टाळ्या पिटल्या. थोर मंडळी लवकरच आपापल्या उद्योगाला लागली. मुलांपैकी काहींचे मात्र तसे झाले नाही. चंद्रावर खड्डे कोणी पाडले, तेथे दिवसाही आकाश काळे का दिसते, चंद्र खाली का पडत नाही, असे प्रश्न जेवताना, शाळेच्या वाटेवर आणि अंथरुणावर पडल्यापडल्या सुरू झाले, ते थांबलेच नाहीत. अशा सात-आठ वर्षांच्या मुलाच्या आईबापांना कौतुक वाटते आणि थोडी काळजीही वाटते. घरात ग्रहांची तक्ते लागतात, जाड जाड पुस्तके येतात, आणि सुटी जवळ आली की प्रश्न पडतो: या मुलाला दाखवावयास न्यावे तरी कोठे?

कोठे न्यावे याचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्रात अशा जागांची वाण नाही. कसे न्यावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पुष्कळदा असे होते की एका दिवसात तीन ठिकाणे उरकली जातात. प्रत्येक फलकापुढे मुलाला उभे करून वाचावयास लावले जाते, आणि परतीच्या गाडीत वडील विचारतात, "मग, आज काय काय शिकलास?" दमलेले मूल खिडकीबाहेर पाहत गप्प बसते. हेतू उत्तमच असतो. पण सहलीची परीक्षा झालेली असते. असे चार वेळा झाले की शास्त्र म्हणजे वडीलधाऱ्यांना उत्तर देण्याचा विषय, अशी मुलाची समजूत होते आणि त्याचे प्रश्न हळूहळू बंद पडतात. ते केव्हा बंद पडले, हे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून अशा सहलीला एक साधा नियम पुरेसा आहे: एका सहलीस एकच प्रश्न असावा, आणि त्याचा पडताळा मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी घेता यावा. या नियमाला धरून जवळच्या जागेपासून दूरच्या जागेपर्यंत कसे जाता येते, ते आता पाहावे.

पहिली सहल घराच्या गच्चीपर्यंतची. चंद्र दाखवावयाचा म्हटले की बहुतेकांना पौर्णिमा आठवते. कोजागरीला तर आटीव दुधाचा पेलाही हाती असतो. परंतु दुर्बिणीतून पाहण्यास पौर्णिमेचा चंद्र सर्वांत गैरसोयीचा. त्या रात्री सूर्याचा प्रकाश चंद्राच्या आपल्याकडील बाजूवर समोरून पडतो, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, आणि चंद्र सपाट ताटलीसारखा दिसतो. शुक्ल सप्तमीपासून दशमीपर्यंतचे दिवस त्याहून कितीतरी चांगले. उजेड आणि अंधार जेथे मिळतात त्या सीमेवर ऊन तिरपे पडते, विवरांच्या कडांच्या सावल्या लांब होतात, आणि साध्या द्विनेत्रीतूनही खड्डे उठून दिसतात. शिवाय या दिवसांत चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच चांगला वर आलेला असतो. मुलाला जागवावे लागत नाही.

हे असे का, हे शब्दांनी समजावण्यापेक्षा स्वयंपाकघरात दाखवावे. परातीत बोटभर जाडीचा पिठाचा थर पसरून त्यावर हातभर उंचीवरून एक लिंबू टाकावे. खड्डा पडतो, त्याला उंचवट्याची कड येते, पीठ चोहोकडे उडते. मग खोलीतला दिवा मालवून विजेरी प्रथम बरोबर वरून धरावी आणि नंतर बाजूने, परातीच्या काठाशी नेऊन धरावी. वरून धरली असता खड्डा जेमतेम दिसतो; बाजूने धरताच तो सावलीने भरून येतो. पौर्णिमा आणि अष्टमी यांतील फरक मुलाच्या हाती येतो तो असा. या परातीची आठवण पुढे एका मोठ्या सहलीत पुन्हा उपयोगी पडणार आहे.

गच्चीवरच्या या अभ्यासात घरातील आजीचे स्थान मोठे आहे. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वाट पाहणारी तीच असते. "आजी, आज चंद्र इतक्या उशिरा का गं?" असे नातवाने विचारले, तर अनुभवी आजी म्हणेल, "अरे, पौर्णिमेला तो दिवेलागणीला येतो. मग रोज थोडा थोडा मागे पडत जातो. पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत तूच मोजून बघ." हा थोडा थोडा म्हणजे किती, याचे उत्तर दिनदर्शिकेत आणि आकाशात दोन्हीकडे मिळते: सरासरीने दिवसाला सुमारे ५० मिनिटे. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकलेला असतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठण्यासाठी तेवढे अधिक फिरावे लागते. संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या आसपास का उगवतो, याचा हिशेब मुलाने पाटीवर करावा आणि उपास सोडण्याची वेळ आजीला आधीच सांगावी. काही मिनिटे इकडेतिकडे झाली तर फारच उत्तम; ती का झाली, हा पुढचा प्रश्न.

दुसरी सहल अंगणापर्यंतची, आणि तिला तिकीट लागत नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील प्रदेशात वर्षातून दोन दिवस सूर्य भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लपते. मुंबईत हा दिवस मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. जुलैचा पावसाच्या ढगांत बहुधा हुकतो. मेचा सहसा हुकत नाही. सपाट जागी एखादा डबा उभा ठेवावा आणि त्याच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने टिपावे. मुंबईच्या मुलाला येथे एक नवल आढळते. घड्याळात बारा वाजतात, तरी सावली नाहीशी होत नाही. ती नाहीशी होते सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी. त्याची मावशी नागपुरास असेल, तर तेथे हाच दिवस मेच्या अखेरीकडे येतो आणि सूर्य डोक्यावर येतो तो १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. सारा देश एकच घड्याळ पाळतो, पण सूर्य ज्या त्या गावाची वेळ पाळतो. मुंबई आणि नागपूर यांतील हा २५ मिनिटांचा फरक म्हणजे पृथ्वी गोल असून फिरते याचा घरबसल्या मिळालेला पुरावा होय. मात्र या खेळात सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीदेखील पाहू नये, आणि द्विनेत्रीतून तर कदापि पाहू नये. क्षणभराच्या चुकीने दृष्टी कायमची जाऊ शकते. हे मुलाला धाक घालून सांगण्यापेक्षा कारणासह सांगितले असता अधिक पटते.

एवढे झाल्यावर तारांगणाकडे वळण्यास हरकत नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झाले; मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली उभे राहिले. खेळांच्या वेळा बदलत असतात आणि डागडुजीसाठी दारे बंदही असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी. तारांगणाचा लाभ असा की शहरातील दिव्यांच्या झगमगाटात हरवलेले आकाश तेथे घुमटावर परत मिळते, आणि रात्रभराची चाल काही मिनिटांत दिसते. परंतु त्यातच एक तोटाही आहे. घुमटावरचे देखणे आकाश पाहिल्यावर घरावरचे आकाश मुलाला फिके वाटू लागते. यावर उपाय म्हणजे त्याच रात्री एक खरी वस्तू शोधून काढावयाची. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेस मृग नक्षत्र चढते. ते इतके ठळक असते की मुंबईच्या आकाशातही लपत नाही. मध्ये ओळीने तीन तारे आणि चार कोपऱ्यांत चार. या चारांपैकी तांबूस कोणता आणि निळसर कोणता, एवढेच मुलाने सांगावे. तांबूस तो काक्षी, निळसर तो राजन्य. तापवलेले लोखंड आधी लाल होते आणि अधिक तापले की पांढरे होते, हे ज्याने लोहाराच्या दुकानी किंवा चित्रात पाहिले आहे, त्याला काक्षी राजन्याहून थंड आहे हे सांगावे लागत नाही. तो स्वतःच सांगतो.

वरळीलाच १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन झाले. येथील वस्तू हाताळण्यासाठीच मांडलेल्या आहेत, आणि म्हणूनच मुले एका कळीवरून दुसऱ्या कळीकडे धावत सुटतात. पहिला अर्धा तास त्यांना धावू द्यावे. त्यानंतर मूल आपण होऊन एखाद्या यंत्रापाशी परत येते आणि तेथेच रेंगाळते. नेमक्या याच वेळी घरची मंडळी म्हणतात, "चल, अजून वरचा मजला राहिलाय." तो मजला राहिला तरी चालेल. एका यंत्रापाशी घालवलेली वीस मिनिटे साऱ्या इमारतीच्या प्रदक्षिणेहून मोलाची असतात. कारण तेथे मूल काहीतरी पडताळून पाहत असते.

शहराबाहेर निघावयाचे तर अलिबागची वाट घरच्या सर्वांनाच आवडते. समुद्र आहे, किल्ला आहे, आणि मुलाच्या हाती देण्यासाठी एक लहानसे होकायंत्र असले की शास्त्रही आहे. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर लोखंडाशेजारी होकायंत्राचा काटा कसा भरकटतो, आणि किनाऱ्याच्या वाळूवर तो कसा स्थिरावतो, हे मुलाने ताडून पाहावे. मग त्याला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची हकिकत सांगावी. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध पूर्वी मुंबईत कुलाब्यास घेतले जात. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने जवळचे चुंबकीय वेध बिघडतात; म्हणून ट्राम धावू लागण्यापूर्वीच, १९०४ साली, अलिबागेस नवी वेधशाळा सुरू करण्यात आली, आणि तिच्या इमारती लोखंड टाळून बांधण्यात आल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली. सूक्ष्म गोष्ट मोजावयाची असेल तर गजबजाटापासून दूर जावे लागते, हा धडा भरकटलेला काटा पाहिलेल्या मुलाला चटकन कळतो.

हाच धडा अधिक मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर पुण्याच्या उत्तरेस नारायणगावाजवळ खोडद येथे जावे. पुण्यापासून हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या आहेत: १४ सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात दाटीने आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, आणि जगभरचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांना पाहावयास खुली ठेवण्याची प्रथा आहे. १९२८ साली त्याच तारखेस रामन परिणामाचा शोध लागला, त्याची ही आठवण.

येथे मुलाला आधीच सावध करावे लागते. दुर्बीण म्हटली की डोळा लावावयाची जागा त्याच्या मनात असते. तशी येथे नाही. म्हणून पुष्कळ मुलांची निराशा होते. तेव्हा निघण्यापूर्वी घरातील रेडिओपुढे बसून बोलावे. एफ. एम. केंद्राच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते. त्या डोळ्याला दिसत नाहीत, तरी गाणे ऐकू येते. आकाशातील वायूंचे ढग, दूरच्या आकाशगंगा, स्पंदन पावणारे तारे यांच्याकडूनही अशाच लहरी येतात. खोडदची दुर्बीण काही सेंटिमीटरांच्या दहापटींपासून दोन-अडीच मीटरपर्यंत लांबीच्या लहरी टिपते; म्हणजे घरच्या रेडिओच्या लहरींची ही शेजारीणच. ढग आणि दिवसाचा उजेड या लहरींना अडवत नाहीत, त्यामुळे ही दुर्बीण दिवसाही काम करते. तबकडी पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे, हे पाहून मूल हमखास विचारते, "बाबा, या भोकांतून लहरी गळून नाही जात?" याचे उत्तर असे की जाळीची भोके बोटभर रुंदीचीही नाहीत आणि लहरी त्यांच्या कितीतरी पट लांब आहेत, अशा लहरीला ती जाळी अखंड भिंतीसारखीच वाटते. जाळीमुळे तबकडी हलकी झाली, वाऱ्याचा जोर तिच्यातून निघून जाऊ लागला, आणि खर्चही वाचला. तेथे खिशातील फोन बंद ठेवावयास सांगतात. अलिबागेस ट्राम नको होती, खोडदला फोन नको. दोहोंचे कारण एकच आहे, हे मुलाच्या ध्यानी आले की सहल सार्थकी लागली.

आता शेवटची आणि दूरची सहल, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची. छत्रपती संभाजीनगरहून हा रस्ता साधारण दीडशे किलोमीटरचा. घरातील कोणाला देवळांची आवड असली तर वाटेत वेरूळ करता येते, आणि तसे करण्यात शास्त्रही आहे. कारण वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे, त्याच जातीच्या पाषाणात लोणारचे विवर पडले आहे. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे सह्याद्रीचा आणि त्याच्यावरील किल्ल्यांचा. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचे तळे आहे. २०२० च्या जून महिन्यात या तळ्याचे पाणी खारेपणात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झाले होते.

काठावर उभे राहिल्यावर मुलाला परातीची आठवण द्यावी लागत नाही. तीच वर उचललेली कड, तोच गोल खळगा. लोणासुराला विष्णूने मारले आणि त्याची जागा म्हणजे हे तळे, ही कथा आजी सांगेल; गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. ती अवश्य ऐकावी. त्यानंतर शास्त्रज्ञांची कथा सांगावी, आणि तीही तितकीच रंजक आहे. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पुष्कळ काळ मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांमध्ये प्रचंड आघातानेच निर्माण होणारा काचेसारखा पदार्थ आढळल्याचे दाखवण्यात आले, आणि आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताची बाजू बळकट झाली. चंद्रावरचे काळसर डागही याच जातीच्या पाषाणाचे आहेत; म्हणून चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. चंद्रावर कोपर्निकस नावाचे विवर सुमारे ९३ किलोमीटर रुंद आहे. लोणारसारखी पन्नास विवरे ओळीने मांडली तर ते भरेल. गच्चीवरून शुक्ल दशमीच्या सुमारास द्विनेत्रीत दिसलेला तो हरभऱ्याएवढाही न वाटणारा खळगा वास्तविक केवढा असेल, हे लोणारच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला पहिल्यांदा उमगते.

लोणार किती जुने, असे मूल विचारील, आणि येथे वडीलधाऱ्यांची खरी कसोटी आहे. एका पद्धतीने मोजले असता सुमारे ५० हजार वर्षे निघतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे मुलाला सांगावेत. शास्त्रज्ञांतही मतभेद असतात आणि ते अधिक चांगल्या मोजमापाने मिटवावयाचे असतात, ही गोष्ट दहा पुस्तकांनी शिकवता येणार नाही ती या एका प्रश्नाने शिकवता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर बाबांना किंवा आईला येत नसेल, तेथे "मला ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणण्यात कमीपणा नाही. उलट असे ऐकलेले मूल स्वतःचे अज्ञानही न लाजता बोलून दाखवते, आणि त्याचे प्रश्न मोठेपणीही टिकतात. दामटून दिलेल्या खोट्या उत्तराचा पडताळा आज ना उद्या मूल घेतेच.

या साऱ्या सहलींसाठी फार मोठा खर्च लागत नाही. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींच्या संस्थांनी आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षे केले आहेत. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावयास मिळते, म्हणून महागडी दुर्बीण घाईने विकत घेण्याचे कारण नाही. एक द्विनेत्री, एक होकायंत्र आणि एक वही एवढे सामान पुरे. वहीच्या एका पानावर तारीख, गाव आणि निघण्यापूर्वीचा प्रश्न वडिलांनी लिहावा. समोरचे पान मुलासाठी कोरे ठेवावे. त्यावर त्याने चित्र काढावे, आकडा लिहावा, किंवा काहीच लिहू नये. पान कोरे राहिले तरी विचारणा करू नये. चार दिवसांनी, केव्हातरी अंघोळीच्या वेळी किंवा भाजी निवडताना, मूल आपण होऊन त्या सहलीवर नवा प्रश्न विचारते. तो ऐकण्यास घरात कोणीतरी निवांत असावे, आणि तोच प्रश्न वहीच्या पुढच्या पानावर लिहून घ्यावा. पुढची सहल कोठे काढावयाची, हे त्यावरूनच ठरते.